अर्ध्या फेऱ्यात अडकलेली काडी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी काडी आहे. लांबीला तुमच्या बोटाहून थोडी जास्त, जाडीला विणायच्या सुईपेक्षा कमी, आणि टोकाला झेंड्यासारखं एक इवलंसं चपटं पातं. मला पाहून काही लोकांना वाटतं, ही कान कोरायची असावी. असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. छंद म्हणून किल्लीशिवाय कुलूप उघडणारी माणसं असतात. त्यांच्यात मला ‘पिक’ म्हणतात आणि जपून हाताळतात. त्यातही मी सरसकट सगळ्या कुलपांची काडी नव्हे. ज्या किल्लीला करवतीसारखे दाते नसतात, चपट्या पाठीवर नुसत्या बारीक खळ्या असतात, तिच्या कुलपात माझं काम. तिथे इतर काड्या आत शिरतात आणि हात हलवत परत येतात.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. स्प्रिंगच्या पोलादाच्या पट्टीतून मला कापलं, चाकावर घासलं, तापवून पाण्यात बुडवलं. घासणारा कारागीर मला मधूनमधून स्वतःच्या गालावरून फिरवायचा. जराशी खरखर लागली की पुन्हा चाकावर. कुलपात स्प्रिंगांच्या जोराने अडून बसलेल्या बारीक पिना नेमक्या उंचीवर उचलल्या तरच कुलूप फिरतं. त्या फार मानी असतात, खरखरीत काडीला त्या दाद देत नाहीत. शेवटी त्याने मला वाकवून सोडलं, मी टणकन सरळ झाले, आणि तो “चालेल” म्हणाला. एवढंच कौतुक. पण त्याच्या तोंडून तेही क्वचितच निघतं, असं शेजारच्या काड्या सांगत होत्या, म्हणून मी ते अजून जपून ठेवलं आहे.

तिथून मी एका चिंचोळ्या दुकानात आले. भिंतीवर आम्ही सगळ्या बहिणी टांगलेल्या, आणि खाली काचेच्या पेटीत सरावाची कुलपं. दुकान एक बाई चालवायच्या. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, काडी हातात देण्याआधी त्या दोन गोष्टी विचारायच्या. कुलूप स्वतःचं आहे ना? आणि ते वापरातलं नाही ना? या छंदातले लोक हे दोन नियम प्राणापलीकडे पाळतात, बाकी सगळी मोकळीक. चोर आमच्याकडे येत नाहीत, असं बाई म्हणायच्या. त्यांना पहार पुरते, एवढा धीर कुणाला आहे.

एके दिवशी एक गृहस्थ आले. शर्टाच्या बाह्यांना पांढरं प्लास्टर लागलेलं, नखांत गुलाबी मेण. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या घडवून देणं हा त्यांचा धंदा. माणूस पाहताक्षणी मला आवडला, कारण त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग बाईंकडे.

“खळ्यांच्या किल्लीचं कुलूप आहे,” ते म्हणाले. “माझ्याकडच्या काड्या आत जातात, पण पिना सापडत नाहीत.”

बाईंनी मला खाली काढलं, पण हातात दिलं नाही. “कुलूप कुणाचं?”

“घरातलंच आहे.”

“घरातलं म्हणजे तुमचं?”

“आमचंच म्हणायचं.” त्यांनी घाईघाईने पिशवीतून एक नवं कोरं कुलूप काढलं. “हे बघा, तसलंच दुसरं घेतलंय सरावाला. हेच उघडणार आहे मी.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “तसलंच दुसरं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पहिलं कुणाचं तरी आहे.”

“मुलीचं,” गृहस्थ म्हणाले.

“मग तिला सांगा, अशी काडी घरी आणलीय म्हणून.”

“सांगतो की.”

माझ्याबरोबर त्यांनी एक ताणपट्टीही घेतली. ताणपट्टी म्हणजे कुलपाच्या गाभ्याला, किल्लीबरोबर फिरणाऱ्या मधल्या भागाला, हलकेच वळता ठेवणारी वाकडी पट्टी. तिच्यावाचून मी काही करू शकत नाही. हे मी चारचौघांत कबूल करत नाही, पण तुम्हाला सांगते. घरी पोहोचल्यावर गृहस्थांनी आम्हा दोघींना स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं आणि वर वर्तमानपत्र टाकलं. मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. ती रात्र मी वर्तमानपत्राखाली काढली, आणि तेव्हापासूनच मला चैन नव्हती.

आता घरची हकिगत सांगते. गृहस्थांना मी बाबाच म्हणेन, घरात तेच ऐकत आले. मुलगी नववीत. तिला सगळे खारू म्हणत, कारण लहानपणी ती मिळेल ती वस्तू खारीसारखी कुठेतरी नेऊन दडवायची. तेव्हा बाबा छंदाची कुलपं उघडायला बसले की ती त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून दिवा धरायची. कुठली पिन बसली, हे तिला बाबांच्या आधी ऐकू यायचं. मोठी झाल्यावर तिने ते स्टूल सोडलं. आणि माझी खरेदी होण्याच्या थोडं आधी तिने साठवलेल्या पैशातून एक कुलूप आणलं, स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून अभ्यासाच्या टेबलाच्या खणाला बसवलं, आणि किल्ली गळ्यात घातली.

कुलूप लावलं याचं बाबांना काही वाटलं नाही. कुठलं लावलं, ते मात्र झोंबलं. बाबांकडच्या कुठल्याच काडीने उघडणार नाही, असंच कुलूप तिने शोधून आणलं होतं. त्यांच्या सगळ्या काड्या तिला ओळखीच्या होत्या.

“बघितलंस, माझ्यावरच डाव टाकला पोरीने,” बाबा आईला म्हणाले. म्हणताना हसले, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

आई इस्पितळात नर्स. तिला उभ्या उभ्या जेवायची सवय होती आणि उभ्या उभ्या खरं बोलायचीही. “डाव कसला? मोठी झाली ती. तिचा एक ड्रॉवर असू दे की तिला.”

“असू दे ना. मी कुठे नाही म्हणतोय?”

“मग ते तसलंच कुलूप कशाला आणलंत?”

“सराव,” बाबा म्हणाले.

सराव मात्र झकास चालला होता, ते सांगायला हवं. जुळं कुलूप टेबलाच्या चिमट्यात धरलेलं, ताणपट्टी खाली, मी वर. बाबा मला आत सरकवून हलकेच वळवायचे, की माझं पातं एकेका पिनेला उचलायचं. पहिले काही दिवस पिनांनी आम्हाला ताटकळत ठेवलं. मग एका संध्याकाळी शेवटची पिन बसली, गाभा फिरला, आणि बाबांनी डोळे मिटले. पुढे आमचा हात असा बसला की, छंदी लोकांच्या बैठकीत बाबांनी मला मिरवलं. लोकांनी मला हातात घेऊन उजेडाकडे धरलं, वाकवून पाहिलं, “काय काडी आहे” म्हणाले. मी त्या दिवशी जमिनीवर नव्हते. एक गोष्ट मात्र तिथे कुणाच्याच लक्षात आली नाही. सुटं कुलूप उघडताना गाभा थोडासा फिरला की काम झालं, असं सगळे धरून चालतात. पुढे फिरवतंय कोण? आम्हीही दर वेळी पाव फेऱ्यालाच थांबत होतो.

मग एक दिवस शाळेतून वर्गशिक्षिकांचा फोन आला. खारू बरेच दिवस दुपारच्या तासांना दिसत नाही, घरी काही अडचण आहे का?

बाबा फोन ठेवून तसेच बसून राहिले. सकाळी ती वेळेवर निघते, संध्याकाळी वेळेवर येते, डबा रिकामा असतो. मग दुपारी जाते कुठे? कुणाबरोबर? बाबांच्या मनात काय काय आलं असेल, ते त्यांच्या बोटांवरून मला कळत होतं. ते मला उगाच उचलत, उगाच खाली ठेवत.

“तिला सरळ विचारा,” आई म्हणाली. “इस्पितळातली पाळी संपली की मी पण बसते. पण तुम्ही विचारा. तुमची लाडकी आहे ती.”

“आणि तिने दार लावून घेतलं तर?”

“तर दारावर टकटक करा. साता समुद्रापलीकडे राहते का ती?”

“खोटं बोलली तर?”

“अहो, अजून विचारलं तरी आहे का तुम्ही?”

मित्रांनो, मला त्या वेळी बाबांचा राग आला. मुक्या पिनांना तासन्‌तास चुचकारणारा हा माणूस, स्वतःच्या पोरीला एक प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. दोन दिवस जेवणं झाली, “भाजी घे”, “पाणी दे” एवढंच बोलणं झालं. प्रश्न घशाशी यायचा आणि घासाबरोबर खाली जायचा. तिसऱ्या दिवशी बाबा दुपारीच कामावरून घरी आले. हातसुद्धा न धुता त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं, मला आणि ताणपट्टीला उचललं आणि खारूच्या खोलीत गेले.

खोली नीटनेटकी होती. खिडकीत वाळत घातलेले मोजे, टेबलावर कंपासपेटी, भिंतीवर जुनं वेळापत्रक. बाबा गुडघ्यांवर बसले. इतक्या जवळून मी ते कुलूप पहिल्यांदा पाहत होते. जुळ्यासारखंच होतं, पण त्याच्या तोंडाशी किल्लीचे रोजचे ओरखडे होते. ते वापरातलं कुलूप होतं. ते बाबांचं नव्हतं. दोन्ही नियम एकाच वेळी मोडायचे होते, आणि मोडायचे होते माझ्या टोकाने.

मला बोलता आलं असतं तर मी नको म्हटलं असतं. पण काडीला कोण विचारतं? ताणपट्टी आत बसली, मागोमाग मी. पहिली पिन लगेच उचलली गेली. दुसरीला वेळ लागला. बाबांच्या बोटांना घाम आला होता आणि मी घसरत होते. जिन्यात कुणाचीतरी पावलं वाजली, बाबा श्वास रोखून थांबले. पावलं वर निघून गेली. पुन्हा सुरुवात. तिसरी, चौथी. शेवटची पिन बसली तेव्हा तो ओळखीचा खट्‌ आवाज आला, पण बाबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत.

सरावात आम्ही इथेच थांबत असू. पण खणाचा खटका मागे घ्यायचा तर गाभा पुरा अर्धा फेरा फिरवायला हवा. बाबांनी फिरवला. खटका सरकला. आणि त्याच क्षणी माझ्या अंगावर काहीतरी कोसळलं.

झालं होतं असं. किल्ली आत असते तेव्हा ती कुलपाची फट भरून टाकते. माझ्यासारख्या बारीक काडीने ती भरत नाही. अर्धा फेरा झाला की ती रिकामी फट नेमकी गाभ्याबाहेर राहिलेल्या वरच्या पिनांसमोर येते आणि त्या स्प्रिंगच्या जोराने तिच्यात घुसतात. मग गाभा पुढेही जात नाही, मागेही येत नाही. आता कुलूप उघडं होतं, ते पुन्हा लागणार नव्हतं, आणि मी पिनांखाली चेंगरून आत अडकले होते. माझं अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. बाबांनी मला ओढलं, हळूच हलवलं, उलटं वळवायचा प्रयत्न केला. मी तसूभर हलले नाही.

सुटकेची एकच वाट होती, आणि ती बाबांना लगेच कळली. कुलपाचे स्क्रू खणाच्या आतल्या बाजूला होते. खण उघडायचा, स्क्रू काढायचे, कुलूप टेबलावर नेऊन पिना परत बसवायच्या, होतं तसं लावून टाकायचं. खारू यायला अवकाश होता. तिला काही कळलंही नसतं.

त्यांनी खणाच्या मुठीला बोट लावलं. खण मोकळा होता, नुसतं ओढायचं होतं. मुलगी दुपारी कुठे जाते, कुणाला भेटते, काय लपवते, ते सगळं या बोटभर फळीमागे आहे, असं त्यांना वाटत होतं. माझा जीव टांगणीला लागला. किती वेळ ते बोट तिथे होतं, मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी बोट काढून घेतलं. ते जमिनीवर बसले, पाठ पलंगाला टेकली, आणि वाट पाहत राहिले.

खारू आली. दप्तर एका खांद्यावर, चेहरा उन्हाने तांबूस. आधी तिला बाबा दिसले, मग मी. कुलपातून बाहेर आलेली, दिवसाउजेडी, लपायला जागा नसलेली. मला इतकं ओशाळवाणं आयुष्यात कधी झालं नाही.

“उघडलंस,” ती म्हणाली.

“कुलूप उघडलं. ड्रॉवर नाही.”

“खोटं.”

बाबांनी वाद घातला नाही. तेही मला भयंकर वाटलं. ती तशीच उभी राहिली. मग खाली बसली, माझ्याकडे बारकाईने पाहिलं, गाभा कुठल्या बाजूला वळला आहे ते पाहिलं. लहानपणी स्टुलावर बसून पाहिलेलं सगळं तिच्या डोळ्यांत होतं.

“अर्धा फेरा फिरवलास.”

“हो.”

“पिना पडल्या आत.”

“हो.”

“मग काडी काढली का नाहीस?”

“स्क्रू आतून आहेत,” बाबा म्हणाले. “आतून काढायचे तर ड्रॉवर उघडावा लागला असता.”

ज्याने आत पाहिलं आहे त्याला मला तिथे ठेवायचं काहीच कारण नव्हतं, आणि हे त्या घरात दोघांनाच कळण्यासारखं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला नाही. पण ‘खोटं’ हा शब्द ती पुन्हा म्हणाली नाही.

“तिकडे तोंड कर,” ती म्हणाली.

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. तिने कंपासपेटीतून छोटा पेचकस काढला, खण थोडासा ओढला आणि त्याच्यापुढे आडवी बसली. स्क्रू फिरू लागला.

“पाठीमागची चकती आधी सैल कर,” बाबा भिंतीला म्हणाले. “नाहीतर स्प्रिंगा उडतील.”

“माहितीये मला.”

“खाली रुमाल धर.”

“धरलाय.”

मग बाबा तसेच भिंतीकडे पाहत म्हणाले, “खारू, दुपारी कुठे जातेस तू?”

पेचकस थांबला.

“बस थांब्यावर,” ती म्हणाली. “बाजारातल्या. तिथे बसते. तिथेच डबा खाते.”

“कुणाबरोबर?”

“कुणी नाही. कुणी असतं तर वर्गातच बसले असते ना.” तिचा आवाज चिरकला. “वर्गातल्या सगळ्याजणींनी माझ्याशी बोलणं सोडलंय. मी बाकावर बसले की शेजारची उठते. डबा उघडला की उठतात. सकाळचं कसंतरी होतं, दुपारी नाही बसवत.”

“का पण?”

“मला माहीत नाही. माहीत असतं तर सॉरी तरी म्हटलं असतं.”

बाबांचे खांदे हलले, पण ते वळले नाहीत. तिने सांगितलं होतं, तिकडे तोंड कर. “कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“तू ते दुसरं कुलूप आणलंस ना, त्याच्या आधीपासून.”

“तुला ते माहीत होतं?”

“वर्तमानपत्राखाली ठेवलं म्हणून दिसत नाही का, बाबा? रोज बघत होते मी. तू रोज त्याच्याशी बसायचास. मला वाटायचं, आज विचारेल. मग वाटलं, याला माझ्यापेक्षा कुलपातच गोडी आहे.”

बाबा त्यावर रडले. मोठ्याने नाही, भिंतीला ऐकू जाईल एवढंच. कुलूप तिच्या हातात सुटून आलं, गाभा सरकला, पिना रुमालात पडल्या आणि मी मोकळी झाले. पण त्या वेळी माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि तेच योग्य होतं.

संध्याकाळी बाबांनी खारूसमोर बसून तिच्या किल्लीबरहुकूम एकेक पिन परत बसवली. आई कामावरून आली, सगळं ऐकलं, आधी खारूला जवळ घेतलं आणि मग बाबांकडे असं पाहिलं की त्यांनी चिमटा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी आई-बाबा दोघे शाळेत गेले. खारूची तुकडी बदलली. सगळं एका दिवसात सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. काही दुपारी ती तरीही बस थांब्यावर बसली. फरक एवढाच, की त्या दुपारी बाबाही हात न धुता तिथे जाऊन बसत.

कुलूप बसवून झाल्यावर खारूने हात पुढे केला. “ती काडी दे.”

“घे. पण तुला कशाला?”

“माझं कुलूप तिने उघडतं. ती माझ्याकडे असली की मला बरं.”

बाबांनी मला एकदा फडक्याने पुसलं आणि तिच्या हातात ठेवलं. मला बैठकी आठवल्या, उजेडाकडे धरून वाखाणणारी माणसं आठवली, आणि वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? तिने खण उघडला, मला आत ठेवलं, आणि किल्ली फिरवली. पुरा अर्धा फेरा.

तेव्हापासून मी इथेच आहे. खारू आता शिकायला दुसऱ्या गावी असते. सुटीत येते, खण उघडते, मला बोटाने बाजूला सारते, हवं ते घेते आणि पुन्हा लावते. माझ्या पात्यावर गंजाचे ठिपके आले आहेत. बाबा कधीकधी या टेबलाशी बसून तिला फोन करतात. अजूनही अडखळतात, पण विचारतात. त्यांचा गुडघा खणाला लागतो, तेवढंच. खण उघडावा असं त्यांच्या मनात येत असेल का, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मुठीला खारूशिवाय कुणाचं बोट लागलेलं मी ऐकलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी काडी हौसेने विकत घ्या, खुशाल सराव करा, तेलाचं बोट फिरवायला विसरू नका. पण समोरचं कुलूप दुसऱ्या कुणाचं असेल, तर मला पिशवीतच राहू द्या आणि त्या माणसाशी जाऊन बोला. बोलायला भीती वाटत असेल तर भिंतीकडे तोंड करून बोला, तेही चालतं.

आता तुम्हाला वाटत असेल, या खणात होतं तरी काय? बाबा ज्याला इतके भ्यायले, ते यात कधीच नव्हतं, एवढं सांगते. बाकी जे आहे, त्याला टेकूनच मी पडले आहे, आणि ते मला चांगलं ठाऊक आहे. पण त्या वस्तू खारूच्या आहेत. तुम्हाला सांगायचं असेल, तर ती सांगेल.